भुईला लावलेला हात

भवानी पेठ, सोलापूर
२० जून १९३४

प्रिय गौरा,

धारवाडच्या ट्रेनिंग शाळेत तुला श्वास घ्यायला फुरसत नसेल. तरी हे पत्र नीट वाच, काम आहे.

पेन्शन घेऊन मी घरी बसणार नाही हे तू म्हणाली होतीसच. बालवर्ग सुरू झाला. पोरे तीन ते सहा वर्षांची, बहुतेकांच्या आया गिरणीत. जागा म्हणजे जुनी मागशाळा: लांब, बुटकी, पत्र्याची, मातीच्या भुईची. येथे माग खड्ड्यावर बसवतात. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि खालच्या फळ्या पायांनी दाबतो. घरमालक चनमल्लप्पा याचा भाऊ मल्लिकार्जुन हे माग चालवी. तो दोन वर्षांपूर्वी वारला. माग विकले, मधोमध भिंत घातली, आणि अलीकडची अर्धी जागा आम्हांला भाड्याने मिळाली. आमच्या बाजूचे खड्डे बुजवले आहेत. पलीकडे चनमल्लप्पाचे बिऱ्हाड. माणूस सभ्य आहे, वाटेत भेटला की हात जोडतो.

मुले चार भाषांची आहेत. मोहोळकडच्या गिरणी कामगारांची मराठी, तुमची कानडी, साळी विणकरांची तेलुगू आणि मुसलमानांची दखनी. मी चार ओळी केल्या आहेत. दिवाळीपर्यंत सगळ्यांना मराठीवर आणीन. सध्या चिमुरडी सावित्रम्मा तेलुगूत हुकूम सोडते, हिंदुराव तिला मराठीत उलट उत्तर देतो, आणि दोघेही जिंकल्याच्या थाटात खाली बसतात.

आता काम. निंगव्वा नावाची मुलगी आहे, पाच वर्षांची. तिला ऐकू येत नाही म्हणून ती बोलत नाही. चैत्रात आईबरोबर अक्कलकोटकडून आली. आई गिरणीत जाताना तिला खाटेच्या पायाला बांधून जात असे. मी स्वतः जाऊन सोडवली तेव्हा कमरेला वळ होता. आमच्या मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब म्हणतात, "बाई, ही बोलत्या पोरांची शाळा. मुकीला घेऊन काय करणार?" मी तोंडावर म्हटले, शिकवणार. पण कसे, ते मला ठाऊक नाही. त्यांनी दसऱ्याच्या सभेपर्यंत मुदत दिली आहे. तेवढ्यात ती काही शिकली नाही, तर खाट आहेच.

उत्तर लगेच टाक. नेहमीसारखे कोपऱ्यात फुले काढत बसू नकोस.

तुझी
सोना


धारवाड
२८ जून १९३४

प्रिय सोना,

फुले काढलेली नाहीत. कोपरा बघ, कोरा आहे.

आधी त्या ओळी मोड. कॉलेजात पहिल्या दिवशी प्रोफेसरांनी आपल्याला पडद्यामागच्या बाकावर बसवले, तेव्हा तूच पडदा ओढून काढला होतास. आता स्वतः चार पडदे लावून बसली आहेस. मुलांना मिसळू दे. दिवाळीपर्यंत तुझी मराठी त्यांना येवो न येवो, तुला थोडी कानडी आली तर माझी करमणूक होईल.

निंगव्वेविषयी. बहिऱ्या मुलांना अंगाने ऐकू येते. इथे एका मुलाला मी असेच शिकवले. सगळ्या पोरांना अनवाणी उभे कर आणि आकडे पायांनी वाजवायला लाव. एकाला एक ठोका, दोनाला दोन. तिला भुईला तळहात लावून बसव. मातीची भुई आणि खाली बुजवलेले खड्डे, म्हणजे तुझी जागा ढोलासारखी बोलेल. आणि तिची फजिती होऊ नये म्हणून बाकीच्यांनाही आळीपाळीने तसेच हात लावून बसव. मग ती वेगळी दिसणार नाही.

तुझ्या ताठ मानेला भुईपर्यंत वाकायला जमेल का, एवढीच शंका आहे.

तुझी
गौरा


सोलापूर
३० जुलै १९३४

प्रिय गौरा,

ओळी मोडल्या. तू जिंकलीस. एवढ्यावर समाधान मान.

निंगव्वा मोजते. आम्ही पाय वाजवतो, ती हात लावून बसते आणि बोटे दाखवते. चुकत नाही. मग ती वाजवते आणि इतरांनी ओळखायचे. चार भाषांची पोरे एका ठोक्यावर हसतात हे मी प्रथमच पाहिले. येथवर तुझे आभार.

पुढचे मला आवडलेले नाही.

जेवणानंतर मी मुलांना आडवे करते. मागच्या आठवड्यात पाहिले तर निंगव्वा भिंतीजवळ पालथी पडून गाल भुईला लावून होती आणि मुठीने ठोके देत होती. दोन जलद, मग थांबणे, मग एक जड. पुन्हा तेच. शेजारी सावित्रम्मेने सुरू केले, मग हिंदुराव, मग चाँदबी, मग सगळी. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. मुले खोडी करतात तेव्हा हसतात. ही हसत नव्हती. मी टाळी वाजवली तशी थांबली. निंगव्वा मात्र माझ्याकडे अशी पाहत राहिली, की जणू दोघांच्या बोलण्यात मी मध्येच येऊन उभी राहिले होते.

घरोघर फिरून मुले गोळा करणारी आमची केराबाई दारात होती. तिच्या हातून तांब्या पडला.

"बाई, ह्यो मल्लिकार्जुनाचा हात हाय."

या पेठेत मागाच्या आवाजावरून कोण विणतो आहे ते ओळखतात. आपण पत्ता न वाचता पाकिटावरचे अक्षर ओळखतो, तसे. मल्लिकार्जुन डाव्या पायाने अधू होता. दोन जलद, थांबणे, एक जड. "उभ्या पेठेत असा हात दुसरा न्हाय," केराबाई म्हणाली.

मी म्हटले, "मेलेला माणूस माग चालवत नसतो, केराबाई."

"चालवतो आसं कुटं म्हनलं मी? पोरीला कोनी शिकवलं, येवढंच इचारते."

तो वारला तेव्हा ही मुलगी सोलापुरात नव्हती. मी पोरांना विचारले. प्रत्येकाने आपापल्या भाषेत सांगितले आणि सगळ्यांनी बोट खाली दाखवले. हिंदुराव म्हणाला, "हितं खाली हाय की कोनतरी." चाँदबी म्हणाली, "नीचे हय, बाई. बुलाते."

आता पेठेत बोभाटा झाला आहे. मुकीला मढ्याचे ऐकू येते म्हणे. काही आयांनी मुले पाठवणे बंद केले. आबासाहेब येऊन गेले: "ती पोरगी काढा, नाहीतर वर्गच उरणार नाही." चनमल्लप्पाही आला होता. वारलेल्या भावाचे नाव असे चघळले जाते, हे त्याला फार लागले आहे. वर तोच म्हणाला, "बाई, मी माझ्या खर्चानं शहाबादी फरशी घालून देतो. मुलांना थंड, तुम्हाला झाडायला सोपं." अशी माणसे कमी.

तुझी
सोना


धारवाड
५ ऑगस्ट १९३४

प्रिय सोना,

तुझ्या वर्गात भूत असेल तर त्याच्याकडून फी घे.

थट्टा सोडते. मूल आपोआप काही शिकत नाही, हे आपण दोघींनी आयुष्यभर मास्तरणींना सांगितले. तो ठोका तिने कोणाकडून तरी घेतला आहे. मल्लिकार्जुनाला बायको होती का? नवऱ्याशेजारी बसून सुताच्या कांड्या भरणारी बाई त्याचा हात विसरत नाही. ती पोरांना कुठे भेटते का, पाहा.

आणि एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या पत्रात केराबाईने काय ऐकले ते आहे, हिंदुरावाने काय सांगितले ते आहे. तू स्वतः भुईला हात लावून पाहिलास का?

तुझी
गौरा


सोलापूर
१८ सप्टेंबर १९३४

प्रिय गौरा,

तुझ्या पत्राच्या उत्तराला उशीर झाला, कारण ते द्यायचे नव्हते.

बायको होती. बसम्मा. चनमल्लप्पा सांगतो की भाऊ गेल्यावर तिचे मन रमेना, म्हणून तिला टेंभुर्णीला माहेरी पोचवले. तेव्हा तो मार्ग बंद.

हात लावून पाहिला. एका दुपारी मुले वाजवत असताना भिंतीजवळ बसून तळहात टेकला. मुलांचे ठोके लागले. मग मी मुलांना थांबवले. वरचे ठोके थांबले, गौरा. खालचे थांबले नाहीत.

मी स्वतःला सांगितले, गिरणीचे इंजिन असेल, नाहीतर शेजारचे माग. म्हणून वाट पाहिली. गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी अमावास्या होती. अमावास्येला पेठेतले माग बंद असतात आणि रविवारी गिरण्याही. मी कुलूप उघडून भर दुपारी एकटी आत जाऊन बसले. पत्रा तापून कडकडत होता, बाकी पेठ चिडीचूप. भुईला हात लावला. दोन जलद. थांबणे. एक जड.

मी पाठीमागे न पाहता बाहेर आले आणि चनमल्लप्पाला फरशीसाठी होकार दिला. गणपतीच्या सुट्टीत घालून झाली. तू हसशील. पण ज्याचे कारण सापडत नाही ते झाकून टाकणे एवढेच मला सुचले. आणि फायदा झाला. मुलांच्या हाताला आता काही लागत नाही, ठोके बंद आहेत, पळालेली मुले परत येत आहेत.

फक्त निंगव्वा. फरशी पाहिली त्या दिवशी ती सांध्यासांध्यावर हात फिरवत सगळ्या वर्गात रांगली. मग भिंतीच्या कडेला नखांनी चुना खरवडू लागली. बोटांतून रक्त आले तरी थांबेना. मी उचलली तर मला चावली. आता ती मोजत नाही. पाय वाजवले तरी हात पुढे करत नाही. भिंतीकडे तोंड करून बसते. आबासाहेबांनी ते पाहिले. दसऱ्याच्या सभेत तिला काढायचा ठराव येणार आहे आणि मी विरोध करणार नाही. तिला आता येथे काही मिळत नाही, असे मी त्यांना सांगितले आहे.

तिच्या आईला अजून बोलले नाही.

सोना


धारवाड
२६ सप्टेंबर १९३४

सोना,

हे पत्र मिळाल्याबरोबर उठ.

टेंभुर्णीला माझ्या चुलतबहिणीच्या यजमानांचे दुकान आहे, बसम्मेच्या माहेराच्या समोरच. मी तुझे पत्र येताच त्यांना लिहिले, आज उत्तर आले. बसम्मा माहेरी आलेलीच नाही. नवऱ्याच्या दिवसांनंतर एकदाही नाही. माहेरच्यांना सोलापूरहून निरोप गेला होता की तिला कोणाचे तोंड पाहायचे नाही, येऊ नका.

भाड्याने दिलेल्या जागेत पदरच्या पैशाने फरशी घालणारा घरमालक तू आजवर पाहिला आहेस का? मी नाही. आणि भिंत मधोमध घातली म्हणालीस. तुमच्या बाजूचे खड्डे बुजवले. पलीकडचे?

निंगव्वेला बरोबर ने. उजेडात जा, एकटी जाऊ नकोस.

गौरा


सोलापूर
४ ऑक्टोबर १९३४

प्रिय गौरा,

तुझे पत्र आले त्याच दुपारी गेले. बरोबर केराबाई आणि निंगव्वा.

चनमल्लप्पा पुढच्या खोलीत पाटावर बसून सुपाऱ्या निवडत होता. त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. "या की बाई, बसा. चहा टाकायला सांगतो."

"बसायला आले नाही. बसम्मेला भेटायचे आहे."

"ती टेंभुर्णीला, मागंच सांगितलं की तुम्हाला."

"टेंभुर्णीला ती नाही. मी विचारून घेतले आहे."

तो काही बोलायच्या आत निंगव्वेने माझा हात सोडला. अनवाणी होती. एक पाऊल टाके आणि थांबे, पाण्याचा अंदाज घ्यावा तसे. स्वयंपाकघरातून सरळ मागे गेली. तिथे भिंतीला ज्वारीची पोती रचलेली होती. ती पोत्यांपुढे बसली, भुईला हात लावला आणि माझ्याकडे वळून पाहिले. फरशी घातल्यापासून तिने माझ्याकडे प्रथमच पाहिले.

केराबाईने पदर खोचला. "चनमल्लप्पा, पोती सरकीव. न्हायतर आत्ता पेठ गोळा करते, पावन्यांच्या म्होरं."

तो हलायच्या आत त्याची बायको रडू लागली. "मारत न्हाई हो आमी तिला! झरोक्यातनं दोन टायमाला भाकरी देतो की. भावजी गेल्यापासनं तिचं डोस्कं ठिकानावर न्हाई. आमच्या पोरीचं लगीन ठरंना. येडी बाई घरात हाय म्हटल्यावर कोन येतंय?" चनमल्लप्पा पाटावरून उठला नाही. सुपारी निवडत राहिला. एकदाच म्हणाला, "माझी भावजयच हाय ती. परकी न्हाय."

पोत्यांमागे दार होते.

आत छपरातल्या एका काचेचा उजेड. माग नाही, काही नाही. फक्त आमच्या भिंतीला लागून एक खड्डा आणि त्याच्या काठावर एक बाई, केस सुटलेले, पाय खड्ड्यात. तिचे हात हवेत इकडून तिकडे धोटा फेकत होते. पाय खड्ड्यात उरलेल्या जुन्या फळ्या दाबत होते. दोन जलद, थांबणे, एक जड. तिचे दोन्ही पाय धड आहेत, गौरा. ती नवऱ्याच्या अधू पायाने चालवत होती. कानाला काही ऐकू येत नव्हते, कारण फळ्या ओल्या मातीवर आपटत होत्या. आमच्याकडे तिने मान वर केली नाही.

निंगव्वा खड्ड्यात उतरली आणि तिच्या पावलांवर दोन्ही तळहात ठेवले. पाय थांबले. बसम्मेने खाली पाहिले आणि जेवायला उशिरा आलेल्या पोराशी बोलावे तसे कानडीत बोलली. इष्टोत्तु एल्लि इद्दी? केराबाईने मला अर्थ सांगितला. इतका वेळ कुठे होतीस?

फरशी माझ्या होकाराने घातली गेली, आणि त्याबद्दल मी चनमल्लप्पाचे आभार मानले होते. त्याहून जास्त त्यावर लिहिणार नाही.

बसम्मा सध्या माझ्याकडे आहे. डॉक्टर म्हणतात, उजेड आणि जेवण. फरशी मी काल उखडून घेतली. ठरावाचे मात्र मी आबासाहेबांना आजच सांगून आले: ज्या मुलीला तुमच्या बोलत्या शाळेत एकटीला नीट ऐकू येते तिला काढायचे असेल, तर पहिली मी जाईन. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "राहू द्या."

पाहुणे आले नाहीत. चनमल्लप्पाच्या मुलीचा यात काही अपराध नव्हता. तिला वर्गात मदतीला ये म्हणून निरोप धाडला आहे. अजून उत्तर नाही.

तुझी
सोना


सोलापूर
११ डिसेंबर १९३४

प्रिय गौरा,

तू विचारलेस म्हणून वर्गाची हकीकत. पळालेली मुले सगळी परत आली, उलट आता बसायला जागा पुरत नाही. दिवाळी येऊन गेली, आणि मराठीवर आलेले कोणी नाही. सावित्रम्मा हिंदुरावाला मराठीत शिव्या देते आणि तो तेलुगूत रडतो. निंगव्वा हाताच्या खुणांनी सगळ्यांवर हुकमत चालवते. त्या खुणा आता मलाही येतात. कानडी येत नाही. तुझी करमणूक राहिली.

बसम्मा रोज माझ्याबरोबर येते. पोरांना कांड्या भरायला शिकवते, चिंचोके मोजून देते. बोलते थोडे, पण ठिकाणावर बोलते. पलीकडची खोली मंडळाने भाड्याने घेतली. तिथला खड्डा माझ्या देखत दगडमातीने बुजवला. खोलीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कनवटीला.

काल दुपारी मुले आडवी झाली होती. बसम्मा माझ्या शेजारी मांडी घालून चिंचोके निवडत होती. तिचे दुमडलेले पाय लुगड्याबाहेर मला दिसत होते. निंगव्वा भिंतीजवळ पालथी पडली होती. तिने एकाएकी मान उचलली, हसली आणि मुठीने भुईवर ठोका दिला. दोन जलद. थांबणे. एक जड. मग हात टेकून, वाट पाहावी तशी पडून राहिली. आणि पुन्हा हसली.

मी बसम्मेकडे पाहिले. तिने एक किडका चिंचोका बाजूला टाकला.

"मी न्हाय बाई आता," ती म्हणाली. "ते हायेत. मी बी उत्तरच देत होते की."

आता तू विचारशील, भुईला हात लावून पाहिलास का. नाही लावला. घंटा वाजवली आणि मुलांना लवकर घरी सोडले.

तुझी
सोना